माहितीचे वाटेकरी अनेक, जबाबदारीचा धनी कोण?

आपल्याच देशाने पुरवलेल्या माहितीमुळे परक्या देशाच्या कोठडीत एखाद्याचा छळ झाला, तर जाब कुणाला विचारायचा? कॅनडा आणि ब्रिटन या दोन लोकशाही देशांनी या प्रश्नाचे उत्तर वेगवेगळ्या मार्गांनी शोधले. त्या दोन मार्गांतील फरक भारतानेही समजून घ्यावा असा आहे.

२६ सप्टेंबर २००२ रोजी माहेर अरार हे कॅनडाचे नागरिक ट्युनिशियातील सुटी आटोपून माँट्रियलला घरी परतत होते. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर त्यांना केवळ विमान बदलायचे होते. तेथेच त्यांना अडवण्यात आले. जवळजवळ दोन आठवडे स्थानबद्ध ठेवल्यावर ८ ऑक्टोबर रोजी एका खासगी जेट विमानाने त्यांना जॉर्डनला नेण्यात आले आणि तेथून सीरियाच्या हवाली करण्यात आले. अरार यांचा जन्म सीरियातला असला, तरी किशोरवयापासून ते कॅनडात राहत होते. दमास्कसमधील लष्करी गुप्तचर खात्याच्या 'पॅलेस्टाइन शाखे'त तीन फूट रुंद, सहा फूट लांब आणि सात फूट उंच अशा कोठडीत त्यांनी दहा महिन्यांहून अधिक काळ काढला. विजेच्या तारेने त्यांना मारहाण झाली. अफगाणिस्तानात प्रशिक्षण घेतल्याची खोटी कबुली त्यांनी मार सहन न होऊन दिली. ऑक्टोबर २००३ मध्ये सीरियाने त्यांना सोडून दिले. त्यांच्यावर कोणत्याही देशाने कधीही आरोपपत्र ठेवले नाही.

अरार यांना अमेरिकेने पकडले आणि छळ केला तो सीरियाने. मग कॅनडाच्या पोलिसांचा यात दोष तो काय? वरकरणी काहीच नाही. पण या प्रकरणाची सुरुवात ओटावातील एका फाइलमधून झाली होती.

साखळीचा पहिला दुवा

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिस या संघीय पोलिस दलाने एका संशयिताच्या तपासासाठी स्वतंत्र पथक नेमले. अरार यांची त्या संशयिताशी भेट झाल्याचे पथकाच्या नजरेस आले. अरार हे मूळ संशयित नव्हतेच. तरीही पथकाने अमेरिकी अधिकाऱ्यांना पाठवलेल्या विनंतीत अरार आणि त्यांच्या पत्नीचा उल्लेख अल कायदाशी संबंध असल्याचा संशय असलेले इस्लामी अतिरेकी असा केला. त्यासाठी कोणताही आधार नव्हता. पुढे पथकाने तपासाची सगळी माहिती सीडींमध्ये भरून अमेरिकेला देऊन टाकली.

गुप्तचर व्यवहारात एक जुना दंडक आहे. माहिती देणारा तिच्यासोबत अट जोडतो : ही माहिती आमच्या संमतीशिवाय तिसऱ्याला देऊ नये, न्यायालयीन वा अन्य कारवाईसाठी वापरू नये. ही अट म्हणजे माहितीवरचा मूळ मालकाचा हक्क. ओटावातून गेलेल्या त्या माहितीसोबत ही अटही जोडलेली नव्हती.

उलट दिशेने काय घडले, हेही पाहण्याजोगे आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये कॅनडाच्या गुप्तचर खात्याचे अधिकारी दमास्कसला गेले आणि अरार यांच्या 'कबुली'विषयीची माहिती घेऊन परतले. ती मार देऊन मिळवलेली असू शकते, याचा विचार मायदेशी पुरेशा गांभीर्याने झालाच नाही. म्हणजे ओटावातून निघालेला निराधार संशय न्यूयॉर्क आणि अम्मानमार्गे दमास्कसला पोहोचला आणि तेथून 'पुरावा' बनून ओटावात परतला.

परदेशातील कोठड्यांच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. या व्यवहारात प्रत्येक देश आपल्यापुरता दुवा हाताळतो. माहिती पुरवणारा म्हणतो, अटक आम्ही केली नाही. पकडणारा म्हणतो, छळ आम्ही केला नाही. छळ करणारा म्हणतो, प्रश्न आमचे नव्हते. देखरेख करणाऱ्या यंत्रणांचा अधिकार आपापल्या सरहद्दीपाशी संपतो. साहजिकच संपूर्ण साखळी कुणालाच दिसत नाही.

कॅनडाचा मार्ग

लोकांच्या दबावामुळे कॅनडा सरकारने फेब्रुवारी २००४ मध्ये ओंटारिओचे सहयोगी मुख्य न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. या आयोगाला साक्षीदारांना बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे अधिकार होते. गोपनीय भागाची सुनावणी बंद दाराआड झाली, पण न्यायमूर्तींसमोर फाइली उघडल्या गेल्या.

सप्टेंबर २००६ मध्ये आलेल्या अहवालाने स्पष्ट शब्दांत निर्वाळा दिला की, अरार यांनी कोणताही गुन्हा केल्याचा अथवा ते देशाच्या सुरक्षेला धोका असल्याचा पुरावा नाही. अमेरिकेचा निर्णय बहुधा कॅनडाने दिलेल्या चुकीच्या माहितीवर बेतलेला होता, असेही आयोगाने नमूद केले. डिसेंबर २००६ मध्ये पोलिस आयुक्त जुलियानो झाकार्देल्ली यांना पद सोडावे लागले. जानेवारी २००७ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी अरार यांची जाहीर माफी मागितली आणि १ कोटी ५ लाख कॅनेडियन डॉलरची भरपाई दिली. याउलट अरार यांनी अमेरिकेत दाखल केलेला दावा तेथील न्यायालयांनी फेटाळला, आणि जून २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यासही नकार दिला.

अर्थात, कॅनडाचेही सारेच आलबेल नव्हते. सीरियात असाच छळ सोसलेल्या आणखी तीन कॅनेडियन नागरिकांना माफी आणि भरपाईसाठी २०१७ पर्यंत वाट पाहावी लागली. सर्व सुरक्षा यंत्रणांचे व्यवहार एकत्रितपणे तपासता येतील अशी व्यवस्था असावी, ही ओकॉनर आयोगाची २००६ मधील सूचना. ती प्रत्यक्षात यायला २०१९ साल उजाडले. त्या वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा आणि गुप्तचर पुनरावलोकन यंत्रणेला मंत्रिमंडळाची गोपनीय कागदपत्रे वगळता कोणत्याही खात्याची कोणतीही फाइल पाहण्याचा अधिकार आहे. माहितीचा माग एका खात्यातून दुसऱ्या खात्यात काढता येणे, हे या सुधारणेचे मर्म आहे. त्याच वर्षी, परदेशी यंत्रणांकडून होणाऱ्या गैरवर्तनात भागीदार होणे टाळण्यासाठी स्वतंत्र कायदाही करण्यात आला. छळाचा मोठा धोका निर्माण होईल अशी माहिती देणे वा मागणे, तसेच छळातून मिळालेली माहिती वापरणे यांवर त्या कायद्यान्वये बंधने आली. अपवाद आहेत, पण खातेप्रमुखांना दरवर्षी अहवाल द्यावा लागतो आणि त्याची बाहेरून तपासणी होते.

ब्रिटन : समितीला जे दिसले नाही

ब्रिटनने वेगळी वाट धरली. तेथे १९९४ च्या कायद्याने स्थापन झालेली संसद सदस्यांची गुप्तचर आणि सुरक्षा समिती आहे. २००५ आणि २००७ मध्ये तिने परदेशातील कैद्यांच्या वागणुकीविषयी आणि 'रेंडिशन', म्हणजे कायदेशीर प्रक्रिया डावलून कैद्यांना एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याच्या प्रकारांविषयी अहवाल दिले. काही चुकांवर बोट ठेवत तिने यंत्रणांना मोठ्या दोषातून मुक्त केले. समितीने पाहिले ते यंत्रणांनी दाखवले तेवढेच, हे पुढे उघड झाले. आणि ते उघड झाले ते न्यायालयात.

इथिओपियात जन्मलेले ब्रिटनचे रहिवासी बिन्याम मोहम्मद यांना एप्रिल २००२ मध्ये कराचीत पकडण्यात आले. मे महिन्यात एमआय-५ च्या अधिकाऱ्याने तेथेच त्यांची जबानी घेतली. त्यानंतर मोरोक्को, काबूल आणि ग्वांतानामो असा त्यांचा प्रवास झाला. फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांची सुटका झाली. अमेरिकी कोठडीत त्यांना कशी वागणूक मिळत होती याची माहिती ब्रिटिश यंत्रणांना होती काय, हा लंडनच्या न्यायालयातील कळीचा प्रश्न होता. अमेरिकेने दिलेली माहिती जाहीर केल्यास ती पुढे काही सांगणार नाही, असा युक्तिवाद परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांच्या वतीने करण्यात आला. १० फेब्रुवारी २०१० रोजी अपील न्यायालयाने तो अमान्य करून, गाळण्यात आलेले सात परिच्छेद प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. मोहम्मद यांना झोपू न देणे, बेपत्ता करण्याची भीती घालणे आदी प्रकार ब्रिटिश यंत्रणांना कळवण्यात आले होते, हे त्यातून जगाला समजले. अमेरिकेने नापसंती व्यक्त केली. दोन्ही देशांतील सहकार्य मात्र थांबले नाही.

जुलै २०१० मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी सर पीटर गिब्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी जाहीर केली. हे गिब्सन त्यापूर्वी गुप्तचर यंत्रणांच्या देखरेखीचेच काम पाहत होते! चौकशी बरीचशी बंद दाराआड होणार असल्याने मानवी हक्क संघटनांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. सप्टेंबर २०११ मध्ये त्रिपोली पडल्यावर गडाफी यांचे गुप्तचरप्रमुख मूसा कूसा यांच्या कार्यालयात कागदपत्रांचा साठा सापडला. त्यात एमआय-६ चे वरिष्ठ अधिकारी मार्क अ‍ॅलन यांच्या नावे १८ मार्च २००४ चे पत्र होते. गडाफीविरोधक अब्देल हकीम बेलहाज लिबियाच्या हाती आल्याबद्दल त्यात अभिनंदन होते आणि त्यामागील माहिती ब्रिटनची होती याचे स्मरणही करून देण्यात आले होते. बेलहाज आणि त्यांच्या गर्भवती पत्नी फातिमा बुशार यांना बँकॉकमध्ये पकडून त्रिपोलीला नेण्यात आले होते. बुशार यांना प्रसूतीच्या थोडे आधी सोडण्यात आले. बेलहाज सुमारे सहा वर्षे तुरुंगात राहिले.

या प्रकरणाचा पोलिस तपास सुरू झाल्याचे कारण देऊन जानेवारी २०१२ मध्ये गिब्सन चौकशी गुंडाळण्यात आली आणि काम पुन्हा त्याच संसदीय समितीकडे गेले. पोलिस तपासातून २०१६ मध्ये निष्पन्न झाले ते इतकेच की, कुणावरही खटला भरला जाणार नाही. अखेर १० मे २०१८ रोजी पंतप्रधान थेरेसा मे यांची लेखी माफी संसदेत वाचून दाखवण्यात आली. बुशार त्या वेळी आपल्या मुलासह प्रेक्षक कक्षात बसल्या होत्या.

आकडे बोलतात, अधिकारी नाहीत

२८ जून २०१८ रोजी समितीचे दोन अहवाल प्रसिद्ध झाले. सुमारे ४० हजार कागदपत्रे तपासून काढलेले आकडे हादरवणारे होते. २००१ ते २०१० या काळात कैद्यांना दिलेली गैरवागणूक ब्रिटिश अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिल्याची १३ प्रकरणे आढळली. मित्रदेशांच्या यंत्रणांनीच गैरवागणुकीची माहिती दिल्याच्या १२८ घटना होत्या. छळ होत असल्याचे ठाऊक असताना वा तसा संशय असतानाही ब्रिटनने प्रश्न अथवा माहिती पुरवत राहिल्याची २३२ प्रकरणे, तर अशा कैद्यांकडून मिळालेली माहिती स्वीकारल्याची १९८ प्रकरणे नोंदली गेली. इतरांच्या रेंडिशनच्या कारवाया सुचवण्यात, आखण्यात वा त्यांना मान्यता देण्यात ब्रिटिश यंत्रणांचा सहभाग असल्याची २८ प्रकरणे होती आणि तीन प्रकरणांत त्यासाठी पैसे देण्यात आले किंवा देऊ करण्यात आले होते.

एका अधिकाऱ्याची चूक म्हणून झटकून टाकता यावेत असे हे आकडे नाहीत. परंतु त्यांच्यामागचे निर्णय कुणाचे होते, हे समितीला सांगता आले नाही. त्या काळात प्रत्यक्ष काम केलेल्या अधिकाऱ्यांच्या साक्षी घेण्याची समितीची इच्छा होती. सरकारने केवळ चौघांना परवानगी दिली, तीही विशिष्ट कारवायांविषयी बोलायचे नाही, या अटीवर. समितीचे अध्यक्ष डॉमिनिक ग्रीव्ह हे सत्ताधारी हुजूर पक्षाचेच. तरीही, या अटींवर विश्वासार्ह चौकशी होऊ शकत नाही, असे सांगून समितीने काम थांबवले. २०१३ च्या कायद्याने समितीचे अधिकार वाढवले होते. पण कुणाला साक्षीला पाठवायचे याची किल्ली सरकारकडेच राहिली. न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील नव्या चौकशीची मागणीही जुलै २०१९ मध्ये फेटाळण्यात आली.

त्याच दिवशी सरकारने यंत्रणांसाठी नवी 'तत्त्वे' जाहीर केली. ती जानेवारी २०२० पासून लागू झाली. छळ होणार हे माहीत असल्यास पुढे जाऊ नये, असे ती सांगतात. छळाचा खराखुरा धोका असेल, तर पुढे न जाण्याकडे कल असावा, मात्र अंतिम निर्णय मंत्र्यांचा, अशी त्यात मुभा आहे. कॅनडाने जे संसदेच्या कायद्यात घातले, ते ब्रिटनने सरकारी मार्गदर्शिकेत ठेवले.

न्यायालये मात्र आपल्या गतीने पुढे जात राहिली. ग्वांतानामोतील कैदी अबू झुबैदा याने केलेल्या दाव्यात, त्याची सीआयएकडून चौकशी होत असताना ब्रिटिश यंत्रणांनी प्रश्न पाठवल्याचा आरोप होता. त्याला ज्या सहा ठिकाणी ठेवले गेले, तेथील कायदे या दाव्याला लागू व्हावेत, असा सरकारचा आग्रह होता. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. लंडनहून पाठवलेल्या प्रश्नांचा जाब लंडनच्या कायद्यानुसारच द्यावा लागेल, हा त्या निर्णयाचा अर्थ आहे.

'जीव वाचवायचे की नियम पाळायचे?'

यंत्रणांची अडचण खोटी नाही. दहशतवादी कट उधळायचे, तर ज्यांच्या कोठड्या स्वच्छ नाहीत अशा देशांशीही बोलावे लागते. उद्या बाँब फुटला, तर माहिती का घेतली नाही, असे हेच नागरिक विचारतील. कॅनडाच्या कायद्यानेही जीवितहानी टाळण्यासाठी अपवाद ठेवला आहे, तो यामुळेच.

परंतु छळातून मिळणारी माहिती उपयोगी असते, हे गृहीत धरणे घातक ठरते. इब्न अल-शेख अल-लिबी या कैद्याला अमेरिकेने इजिप्तच्या स्वाधीन केले होते. इराकने अल कायदाला रासायनिक आणि जैविक अस्त्रांचे प्रशिक्षण दिल्याचे त्याने तेथे सांगितले. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत युद्धाचे समर्थन करताना या माहितीचा आधार घेतला. २००४ मध्ये अल-लिबीने ती कबुली मागे घेतली. मार टाळण्यासाठी आपण ती दिली होती, असे त्याने सांगितले. तोवर इराक युद्ध सुरू होऊन गेले होते. देखरेख ही केवळ कैद्याच्या हक्कांसाठी नाही, तर स्वतःची फसगत होऊ नये यासाठीही असते, ती अशी.

आपल्याकडे

हा विषय आपल्यापासून दूर नाही. ब्रिटिश नागरिक जगतारसिंग जोहल यांना नोव्हेंबर २०१७ मध्ये जालंधर येथे अटक झाली. पोलिस कोठडीत छळ झाल्याचा त्यांचा आरोप भारताने फेटाळला आहे. ब्रिटिश यंत्रणांनी भारताला दिलेल्या माहितीनंतर ही अटक झाली, असा दावा 'रिप्रीव्ह' या संघटनेने २०२२ मध्ये केला. ब्रिटन सरकारने त्यावर होय वा नाही म्हटलेले नाही. मार्च २०२५ मध्ये मोगा येथील न्यायालयाने जोहल यांची एका खटल्यातून निर्दोष मुक्तता केली. अन्य खटले तेव्हा प्रलंबित होते. आरोपांची सत्यता न्यायालये ठरवतील. मात्र लंडनमध्ये या माहितीविषयी प्रश्न विचारणारी समिती तरी आहे. दिल्लीत तीही नाही.

१९६८ मध्ये स्थापन झालेली 'रॉ' असो वा ब्रिटिश काळापासूनचा गुप्तचर विभाग, दोन्हींना संसदेच्या कायद्याचा पाया नाही. माहिती अधिकार कायद्यातूनही त्यांना बहुतांशी वगळलेले आहे. मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये या यंत्रणांवर संसदीय देखरेख आणणारे खासगी विधेयक मांडले होते. त्याचे पुढे काही झाले नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अद्याप अंतिम मान्यता दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेने संमत केलेले छळप्रतिबंधक विधेयक पुढे रद्दबातल झाले.

याची किंमत आपण मोजतो आहोत. १९९५ मधील पुरुलिया शस्त्रप्रकरणातील आरोपी किम डेव्ही याला भारताच्या हवाली करण्यास डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नकार दिला. दोन्ही वेळी छळाचा धोका हे कारण होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने शस्त्रदलाल संजय भंडारी याचे प्रत्यार्पण रोखताना तुरुंगातील छळ आणि हिंसेच्या धोक्याचाही आधार घेतला. कोठडीविषयी विश्वास नसेल, तर आरोपीच हाती लागत नाही.

उलट उदाहरणही आपल्यापाशी आहे आणि ते मुंबईचे आहे. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली अमेरिकेच्या ताब्यात होता. जून २०१० मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या पथकाने शिकागोत त्याची चौकशी केली, ती वकिलांच्या उपस्थितीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने व्हिडिओ दुव्यावरून मुंबईच्या सत्र न्यायालयात शपथेवर साक्ष दिली आणि तिची उलटतपासणीही झाली. अमेरिकेने हल्ल्यापूर्वी हेडलीविषयी पुरेशी माहिती दिली नाही, ही आपली तक्रार रास्तच आहे. तथापि, नंतर जे मिळाले, ते न्यायालयात टिकण्याजोगे होते, कारण ते कायद्याच्या वाटेने आले.

कॅनडा आणि ब्रिटन यांच्या अनुभवातून निघणारा धडा साधा आहे. नियम किती कडक आहेत याहून, फाइल उघडण्याचा आणि साक्षीदार बोलावण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे महत्त्वाचे. तो न्यायमूर्तींकडे होता तेथे एका निरपराध माणसाचे नाव चार वर्षांत निष्कलंक ठरले. तो सरकारच्याच हाती राहिला तेथे आकडे कळले, पण जबाबदार माणसे कधीच समोर आली नाहीत. आपण तर अजून अशी समितीही नेमलेली नाही. दहशतवादविरोधी सहकार्याचे जाळे जसजसे विस्तारत आहे, तसतशी भारतातून जाणारी आणि भारतात येणारी माहितीही वाढते आहे. त्या माहितीमुळे उद्या कुणा निरपराधाचा बळी गेला, तर त्याची फाइल कोण उघडणार, हे आजच ठरवायला हवे. अरार यांच्या बाबतीत तो प्रश्न विचारला गेला तेव्हा त्यांच्या आयुष्यातील दहा महिन्यांहून अधिक काळ त्या कोठडीत संपून गेला होता.